क्लास ए अँप, तापलेली खोली आणि विजेचं बिल

प्रश्न थोडक्यात असा: जुना, क्लास ए प्रकारचा (गाणं नसतानाही ट्रान्झिस्टर पूर्ण चालू ठेवणारा), दर चॅनलला ३० वॅटचा इंटिग्रेटेड अँप्लिफायर घेतला आहे. आवाज मनासारखा आहे. पण तासाभरात खोली तापते, कडेच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) हात ठेववत नाही, आणि बिल वाढलं म्हणून घरात कुरबूर सुरू झाली आहे. विकणाऱ्याने बजावलं होतं की हा कधी बंद करायचा नाही, सतत चालू राहिला तरच खुलतो. एक मित्र म्हणतो बायस (अँप गप्प असतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहत ठेवलेला करंट) कमी करून घे, दुसरा म्हणतो पंखा लाव, तिसरा म्हणतो विकून टाक आणि क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारा, कमी तापणारा प्रकार) घे. अँप सध्या काचेचं दार असलेल्या कपाटात आहे. दार उघडं राहिलं की घरचं मांजर त्यावर जाऊन झोपतं. काय करावं?

अँप दुरुस्त करण्यात माझी तीसेक वर्षं गेली. ‘फार गरम होतो’ म्हणून माझ्या टेबलावर येणाऱ्या बऱ्याच अँपमध्ये दोष सापडत नाही. दुरुस्तीला खरं तर कपाट यायला हवं होतं. तेव्हा काही बदलण्याआधी मोजा.

प्लग आणि भिंतीतलं सॉकेट यांच्यामध्ये लावायचं वॅटमीटर मिळतं, ते आणा. अँपच्या मागच्या पाटीवरचा आकडा धरू नका. तो चाचणीच्या ठरलेल्या अवस्थेतला असतो, तुमच्या संध्याकाळचा नसतो. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून व्होल्टने गुणूही नका. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि मोठे कपॅसिटर असलेला अँप वीज सलग घेत नाही, प्रत्येक लाटेच्या माथ्यावर घोट घ्यावा तशी घेतो. त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार, ०.६-०.७ च्या घरात असतो आणि तुमचा गुणाकार खऱ्या वॅटपेक्षा बराच मोठा येतो. घरचं मीटर मोजतं ते वॅट. उगाच दुप्पट घाबरू नका.

किती वॅट दिसायला हवेत ते कागदावर काढता येतं. पुश-पुल अँप (ज्यात एक ट्रान्झिस्टर करंट ढकलतो आणि दुसरा ओढतो) बायसच्या दुप्पट करंटपर्यंतच क्लास ए मध्ये राहतो. ८ ओमवर ३० वॅट द्यायचे तर पीक करंट २.७४ अँपिअर लागतो, म्हणजे बायस साधारण १.३७ अँपिअर. स्पीकरवर पीक २२ व्होल्ट हवेत, वर थोडी मोकळीक सोडून रेल, म्हणजे आउटपुटला पुरवलेला डीसी, अधिक-उणे २८ व्होल्ट धरू. ५६ गुणिले १.३७ म्हणजे एका चॅनलला ७७ वॅट, दोन्हींना १५४. ट्रान्सफॉर्मर आणि डायोडमध्ये जाणारी वीज, पुढचा प्रीअँप हे सगळं धरून मीटरवर १८० ते २०० दिसले तर तुमचा अँप सांगितलाय तसा आहे. पुढच्या हिशोबासाठी १९० धरतो.

मीटर ८० दाखवत असेल तर मात्र तो क्लास ए नाही, किंवा आधीच्या मालकाने बायस उतरवलेला आहे. पुश-पुल क्लास ए ची कार्यक्षमता अगदी पुस्तकातसुद्धा ५० टक्क्यांच्या वर जात नाही. त्यामुळे शांत बसलेल्या अँपने त्याच्या एकूण छापील वॅटच्या किमान दुप्पट वीज घेतलीच पाहिजे. तुमच्या बाबतीत ६० ची दुप्पट, १२०. ‘१०० वॅट शुद्ध क्लास ए’ असं लिहिलेला आणि कोमट राहणारा स्टिरिओ अँप कुणी दाखवला तर हा एक गुणाकार करा आणि हसून पुढे चला.

मीटर लावलेलंच आहे तर एक गंमत बघून घ्या. व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, आकडा बघा. मग चांगलं जोरात लावा. आकडा जवळजवळ हलत नाही. गाणं वाजो न वाजो, ट्रान्झिस्टरमधून तेवढाच करंट वाहत राहतो. जोरात वाजवलं की त्यातली थोडी वीज स्पीकरकडे जाते आणि हीटसिंकच्या वाट्याला तेवढी कमी येते. म्हणजे क्लास ए अँप सगळ्यात जास्त तापतो तो गप्प बसलेला असताना. क्लास एबीचं, म्हणजे बायस अगदी कमी ठेवणाऱ्या नेहमीच्या अँपचं, नेमकं उलटं. ‘मी तर हळूच ऐकतो, तरी एवढा गरम कसा?’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतो.

आणि आपण खरंच हळू ऐकतो. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा साधा स्पीकर घेतला तर बैठकीत निवांत ऐकताना सरासरी एक वॅटसुद्धा लागत नाही. बाकीचे वॅट क्षणभर येणाऱ्या उसळ्यांसाठी राखलेले असतात. दोन्ही चॅनल मिळून एक वॅट धरला तर भिंतीतून आलेल्या १९० पैकी १८९ वॅट संगीताला हातही न लावता खोलीत गेले. यात बिघाड काही नाही. ज्याने हा अँप बांधला त्याने दोन्ही बाजूंचे ट्रान्झिस्टर कधीच बंद होऊ नयेत म्हणून ही किंमत समजून-उमजून मोजली. जॉन लिन्सले हूड यांनी १९६९ साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये दिलेला १० वॅटचा क्लास ए अँप हौशी मंडळी आजही बांधतात. तोसुद्धा ८ ओमला २७ व्होल्ट आणि १.२ अँपिअर घेतो, म्हणजे १० वॅटसाठी ३२ वॅट कायमचे.

आता बिल. १९० वॅट रोज चार तास म्हणजे पाऊण युनिट, महिन्याला सुमारे २३. विकणाऱ्याचं ऐकून चोवीस तास चालू ठेवला तर रोज साडेचार युनिट, महिन्याला १३७. मधले ११४ युनिट कुणीही ऐकत नसताना जातात. घरातली कुरबूर या ११४ युनिटांसाठी आहे, आणि माझं मत विचाराल तर ती रास्त आहे. खोलीत एसी असेल तर अजून भर धरा. अँपने ओतलेली उष्णता एसीला उपसावी लागते आणि त्यासाठी तो ढोबळमानाने तिच्या एक तृतीयांश वीज घेतो. १९० चे झाले अडीचशे.

खोलीचा अंदाज माणसांत करा. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता टाकतो. तुमचा अँप म्हणजे न बोलणारे दोन पाहुणे, आणि ऐकायला शांतता हवी म्हणून आपण दारं-खिडक्या लावून त्यांच्यासोबत बसतो. थंडीत हे पाहुणे हवेसे वाटतात; हीटर चालणारच असेल त्या दिवसांत अँपची वीज फुकट गेली असं म्हणता येत नाही, तेवढा हीटर कमी चालतो. उन्हाळ्यात मात्र दार उघडं ठेवायला शिका. खरंच सांगतो, बहुतेक घरांत एवढ्यानेच काम भागतं.

‘कधीच बंद करू नका’ या सल्ल्यात सत्याचा अंश आहे, म्हणून तो इतकी वर्षं टिकलाय. बाइपोलर ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घसरतो. हीटसिंक तापेपर्यंत बायस आणि आउटपुटवरचा डीसी ऑफसेट (शून्य असायला हवा तिथे उरलेला थोडा डीसी व्होल्टेज) दोन्ही सरकत असतात, अँप स्थिरावलेला नसतो. पण किती वेळ? तुमच्या अँपमध्ये हीटसिंक आणि चासी मिळून १० किलो अॅल्युमिनियम आहे असं समजा. एक किलो एक अंशाने तापवायला ९०० ज्यूल लागतात, म्हणजे इथे दर अंशाला ९,०००. १९० वॅटला हीटसिंक खोलीपेक्षा २५ अंश वर जाऊन थांबतो असं धरलं, तर गणित सुमारे २० मिनिटांचा कालांक देतो. २० मिनिटांत वाढीचा ६३ टक्के प्रवास होतो, तासाभरात ९५ टक्के. म्हणजे ऐकायला बसण्याआधी तासभर चालू करा, झालं. चोवीस तास तापवून साठ मिनिटांनंतरच्या पुढे फारसं काही मिळत नाही. मी बेंचवर बायस मोजतो तेव्हाही तासभर थांबून पहिला आकडा लिहितो, आणि दोन तासांनी पडताळतो तेव्हा तो क्वचितच हललेला असतो.

सतत चालू ठेवण्याची खरी किंमत बिलात दिसत नाही. ती कपॅसिटरमध्ये दिसते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी उतरलं की ढोबळमानाने दुप्पट होतं, १० ने चढलं की निम्मं. १०५ अंशांना २,००० तास असा शिक्का असलेला भाग ६५ अंशांत ३२,००० तास निघतो. रोज चार तासांच्या हिशोबाने ही जवळपास २२ वर्षं. चोवीस तास चालवलात तर साडेतीन वर्षं आणि वर थोडे दिवस. तुमच्या जुन्या अँपमध्ये ८५ अंशांचेच कपॅसिटर असण्याची शक्यता जास्त, आणि त्यांचे २,००० तास ६५ अंशांत फक्त ८,००० होतात. सतत चालू ठेवल्यावर ८,००० तास अकरा महिन्यांत संपतात. आकडे सोयीसाठी गोल आहेत, शिक्क्यावरचे तास संपले म्हणजे कपॅसिटर त्याच रात्री मरतो असंही नाही, पण गणिताचा कल कुठे आहे ते कळतं.

असा एक अँप माझ्याकडे आला होता. मालक अभिमानाने म्हणाले, ‘सात वर्षांत एकदाही स्विच बंद केलेला नाही.’ झाकण काढलं तर आत जळक्या वार्निशसारखा वास. हीटसिंकच्या बाजूच्या कपॅसिटरांची प्लास्टिकची वेष्टणं आक्रसून वर सरकली होती, दोघांचे माथे फुगलेले. झेनरला वीज देणाऱ्या रेझिस्टरांखालचा पीसीबी आधी पिवळा, मग तपकिरी आणि बरोबर मधोमध काळा पडला होता. भिंगातून पाहिलं तर त्या रेझिस्टरांच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर, बांगडीसारखी. आउटपुट ट्रान्झिस्टर काढले तर अभ्रकाच्या चकतीवरची पांढरी पेस्ट सुकून खडूची भुकटी झालेली. ‘आवाज अलीकडे जरा बसलाय’ एवढीच त्यांची तक्रार होती. कपॅसिटर, पेस्ट आणि डझनभर सांधे नवे केल्यावर तो पुन्हा बोलायला लागला. स्विच ते अजूनही बंद करत नाहीत, तो त्यांचा प्रश्न.

दुसऱ्या बाजूचंही खरं सांगतो. चालू-बंद करण्याचाही ताण असतो. धातू प्रसरण-आकुंचन पावतात, सांधे थकतात. दिवसातून एक-दोनदा केलं तर काही होत नाही. दहा मिनिटं चहाला उठलात म्हणून बंद करू नका. आणि बंद केल्यावर लगेच चालू तर मुळीच करू नका. बऱ्याच अँपमध्ये सुरुवातीचा करंटचा लोंढा अडवायला एनटीसी थर्मिस्टर असतो. तो गार असताना अडवतो, गरम झाला की वाट मोकळी करतो. बंद करून पाच सेकंदांत पुन्हा चालू केलं तर तो अजून गरमच असतो आणि मोठ्या टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरचा सगळा लोंढा थेट आत घुसतो. फ्यूज उडतो, किंवा भिंतीतला एमसीबी पडतो. पाच मिनिटं जाऊ द्या. (एमसीबी गार अँपलाही पडत असेल तर तो बी प्रकारचा आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. बी प्रकार नेमलेल्या करंटच्या तीन ते पाच पटीला तात्काळ पडतो, सी प्रकार पाच ते दहा पटीला. नुसता एमसीबी मोठा करून घेऊ नका, वायरिंगला तो झेपतो की नाही हे आधी.)

आता कपाट. तुमच्या प्रश्नातली मला खरी काळजी वाटलेली गोष्ट हीच.

हीटसिंकचं तापमान म्हणजे भोवतालच्या हवेचं तापमान अधिक एक ठरलेली वाढ. हीटसिंक २५ अंश चढतो तो खोलीच्या वर नाही, त्याला लागून असलेल्या हवेच्या वर. मोकळ्यावर ३० अंशांच्या खोलीत तो ५५ ला थांबेल. काचेचं दार लावलेल्या, पाठ बंद असलेल्या कपाटात मी थर्मामीटर ठेवून पाहिलंय: बाहेर ३१, आत दीड तासाने ५८, आणि अजून चढतच होता. ५८ अधिक २५ म्हणजे ८३. बऱ्याच अँपमधला हीटसिंकवरचा थर्मल स्विच ८०-८५ च्या आसपास उडतो, मग मालक म्हणतात अँप मध्येच बंद पडतो. तो नशीबवान अँप. ज्याला थर्मल स्विच नाही आणि बायसची तापमान-भरपाई कमी पडते, त्यात गरम झाला म्हणून करंट वाढला, करंट वाढला म्हणून अजून गरम झाला अशी फुगडी सुरू होते. तिचा शेवट आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होण्यात होतो, आणि डीसी प्रोटेक्शन नसेल तर जाताना तो स्पीकरची कॉइलही घेऊन जातो.

म्हणून अँप आजच कपाटाबाहेर काढा. टणक, सपाट पाटावर ठेवा, जाड गालिच्यावर नको, कारण पाय रुतले की खालच्या जाळीतून हवा शिरत नाही. हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या असतात त्या हवा खालून वर धुराड्यासारखी जावी म्हणून, तेव्हा खाली आणि वर दोन्हीकडे वाट हवी. वर किमान १५ सेंटिमीटर मोकळं, शक्य असेल तर पूर्णच मोकळं. मागची भिंत हातभर लांब. सीडी प्लेअर, टर्नटेबल, राउटर यातलं काहीही अँपच्या डोक्यावर नको. प्लेअरचे बेल्ट आणि रबर त्या उष्णतेने सैल पडतात आणि दोष प्लेअरला लागतो. स्पीकरची वायर हीटसिंकला टेकलेली नाही ना, तेवढंही बघा.

मग हाताची परीक्षा. अँप तासभर चालल्यावर हीटसिंकवर तळवा ठेवा. आरामात ठेवता आला तर तो ५० च्या खाली आहे. मनात पाच-सात मोजेपर्यंत टिकला आणि मग काढावासा वाटला तर ५५ च्या आसपास, क्लास ए साठी हे अगदी घरचं तापमान आहे. टेकवताच चटका बसून हात मागे आला तर साठ ओलांडलेत, तिथे कारण शोधायचं. आत ट्रान्झिस्टरच्या गाभ्यात काय चाललंय ते मोजणं अवघड नाही. मोठ्या आउटपुट ट्रान्झिस्टरला गाभ्यापासून बाहेरच्या आवरणापर्यंत दर वॅटला साधारण ०.६ अंश, अभ्रक-पेस्टचे अजून ०.४ धरू. एका ट्रान्झिस्टरवर २० वॅट असतील तर तो हीटसिंकपेक्षा २० अंश वर, म्हणजे ५५ च्या हीटसिंकवर ७५. सहन करण्याची मर्यादा १५०. तुम्हाला भयंकर वाटणारा गरमपणा ट्रान्झिस्टरला काहीच वाटत नाही. जीव जातो तो शेजारच्या कपॅसिटरांचा.

दोन्ही हीटसिंक सारखे तापतात का, हेही त्याच हाताने बघा. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टच जास्त गरम असेल तर एका चॅनलचा बायस सरकलाय. हे बाहेरून ठेवण्याच्या जागेने सुटणारं नाही, उघडावं लागेल.

अजून एक, जुन्या अँपच्या बाबतीत नेहमी सुटणारी गोष्ट. पाठीवर २२० व्होल्ट लिहिलंय आणि घरात २४० येतात असं असेल तर आतले रेल ९ टक्क्यांनी वर गेलेले असतात. बायस तोच राहिला तरी उष्णता ९ टक्क्यांनी वाढते, आणि कपॅसिटर आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेला भिडतात ते वेगळंच. ट्रान्सफॉर्मरवर २४० चा टॅप (त्या व्होल्टेजसाठी काढलेली वेगळी जोडणी) असतो का ते बघायला सांगा. असला तर पाच मिनिटांचं काम आहे आणि यापेक्षा चांगली कपात मला माहीत नाही, कारण तुम्ही अँपला मूळ आखणीवर परत आणता.

पंखा लावणाऱ्या मित्राचं निम्मं बरोबर आहे. १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टचा पंखा ५ ते ७ व्होल्टवर चालवला तर हातभर अंतरावरून ऐकू येत नाही, आणि एवढ्या मंद वाऱ्यानेही हीटसिंक चांगलाच खाली येतो, कारण नुसत्या वर जाणाऱ्या गरम हवेपेक्षा हलती हवा कितीतरी जास्त उष्णता नेते. त्याला वेगळा अडॅप्टर द्या. अँपच्या आतून वीज काढाल तर पंख्याची टिकटिक स्पीकरमधून ऐकाल. पण पंख्याने बिल कमी होत नाही आणि खोलीही थंड होत नाही. १९० वॅट तेच, ते आता लवकर तुमच्यापर्यंत पोचतात एवढंच. पंखा अँपचं आयुष्य वाढवतो, तुमचा घाम नाही पुसत. कपाट सोडणं अगदीच अशक्य असेल तर मागच्या फळीला खाली आणि वर भोकं, वरच्या भोकात हवा बाहेर टाकणारा पंखा. दार तरीही उघडं.

पहिल्या मित्राचं ऐकून बायस कमी करू नका. मी इतका ठाम का आहे ते सांगतो. १.३७ चा ०.७ अँपिअर केलात तर आउटपुटची उष्णता निम्म्यावर येते, १५४ ऐवजी ७८. मोह पडावा असाच सौदा आहे, कारण क्लास ए ची हद्द ३० वॅटवरून ८ वर आली तरी आपण ऐकतो एका वॅटच्या आत. तुमचा अँप मॉसफेटचा (ट्रान्झिस्टरचा दुसरा प्रकार) असेल तर मी फारसा वादही घालणार नाही. पण बाइपोलर क्लास एबीमध्ये बायसची एक नेमकी जागा असते: एमिटर रेझिस्टरवर २६ मिलिव्होल्टच्या आसपास. ०.२२ ओमचा रेझिस्टर असेल तर साधारण १२० मिलिअँपिअर. तिथे दोन्ही ट्रान्झिस्टरांची हातोहात अदलाबदल सगळ्यात गुळगुळीत होते. त्याच्या वर, पण पूर्ण क्लास ए च्या खाली राहिलात तर हद्द ओलांडताना अँपचा गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) थोडा बदलतो आणि विकृती नीट बांधलेल्या साध्या एबीपेक्षा जास्त येऊ शकते. म्हणजे निम्मा बायस हा त्रिशंकू आहे. उष्णता एबीच्या कितीतरी वर आणि शुद्धता क्लास ए ची नाही. शिवाय तुमचं सर्किट सिंगल-एंडेड असेल (पुश-पुलची जोडी नाही, एकच बाजू सगळी लाट हाताळते) तर बायस हीच करंटची शेवटची मर्यादा, तो निम्मा केला की ३० वॅटचा अँप आठव्या वॅटला कापायला लागतो. बायस मोकळ्या जागेत, तासभर तापल्यावर, बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर बसवून घ्या आणि पुन्हा त्या स्क्रूला हात लावू नका.

व्हॉल्व्हवाल्यांसाठी (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेले अँप) थोडंसं, कारण तुमच्या प्रश्नात नसलं तरी पुढचा मोह तोच असतो. तिथे आवाजाच्या आधीच फिलामेंटचा खर्च सुरू होतो. ईएल३४ या व्हॉल्व्हला ६.३ व्होल्ट, दीड अँपिअर, म्हणजे साडेनऊ वॅट. चार असले की ३८ वॅट नुसत्या लाल उजेडाचे. ८४५ या मोठ्या व्हॉल्व्हचं फिलामेंट एकटं साडेबत्तीस वॅट खातं. आणि व्हॉल्व्ह तासांवर झिजतात, त्यामुळे तो अँप विनाकारण चालू ठेवणं म्हणजे वीज आणि व्हॉल्व्ह दोन्ही जाळणं.

विकून क्लास डी घ्यावा का? चांगला क्लास डी पूर्ण ताकदीला ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो, आणि गप्प बसलेला १०-१५ वॅटवर भागवतो. १२ वॅटचा चोवीस तास चालवला तरी महिन्याला नऊ युनिटसुद्धा होत नाहीत. वीस वर्षांपूर्वी मी त्यांना नाक मुरडायचो. क्लास डीचे नामवंत अभियंते ब्रूनो पुत्झेस यांच्या आराखड्यांवरची मॉड्यूलं मोजून पाहिल्यावर ते बंद केलं. विकृतीच्या आकड्यांत ती तुमच्या-माझ्या क्लास ए ला सहज मागे टाकतात. पण तुम्ही लिहिलंय की आवाज मनासारखा आहे. मनासारखा आवाज लागायला लोकांची दहा-दहा वर्षं जातात, तो बिलापायी विकू नका.

त्याऐवजी तुमचा अँप किती वेळ खरोखर ऐकण्यासाठी चालतो ते एक आठवडा लिहून काढा. माझा अंदाज सांगतो: समोर बसून ऐकणं दीड-दोन तास, बाकी टीव्ही आणि स्वयंपाक चालू असताना मागे गुणगुणणारा रेडिओ. बातम्या ऐकायला १९० वॅट लागत नाहीत. त्या कामाला एक छोटा क्लास डी ठेवा, स्पीकरच्या वायरी बदलायला एक बऱ्यापैकी सिलेक्टर स्विच घ्या (दोन अँपचे आउटपुट कधीही एकत्र जोडू नका, आणि स्विच फिरवताना दोन्ही बंद), आणि मोठा अँप फक्त बैठकीच्या तासभर आधी चालू करा. माझ्या घरी गेली बारा वर्षं हेच चाललंय. कुरबूर थांबली, आणि खरं सांगायचं तर मोठा अँप चालू केल्यावर मी नीट बसून ऐकायलाही लागलो.

राहिलं मांजर. त्याच्या अंगाचं तापमान ३८ च्या पुढे, तुमच्या अँपचं झाकण पंचेचाळीसच्या आसपास. त्याला याहून चांगली जागा घरात मिळणार नाही. पण ते बरोबर जाळीवर झोपतं, आणि केस आत जातात. एकदा मी झाकण उघडलं तेव्हा ट्रान्सफॉर्मरवर राखाडी लोकरीची गादी बसलेली होती, बोटाने उचलली तर अख्खी निघाली. हुसकून काही होत नाही, रात्री परत येतं. हीटसिंकपासून वीतभर अंतरावर अँपएवढ्याच उंचीचं स्टूल ठेवा आणि त्यावर जुनी चादर घाला. कडेने येणारी ऊब तिथे पुरेशी लागते. आमच्या मांजरीने दोन दिवस दोन्ही जागा तपासल्या आणि तिसऱ्या दिवशी स्टुलावर गेली.